नातवाची बंदूक

निवृत्त संस्कृत शिक्षकानें बंदुकीविषयीं लेख लिहावा, ही गोष्ट कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. ज्याचा सारा जन्म शब्दरूपें घोकून घेण्यांत आणि समासांचे विग्रह तपासण्यांत गेला, त्याचा व या आयुधाचा संबंध काय, असा प्रश्न कोणीं केल्यास तो अवाजवी म्हणतां यावयाचा नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत मी इंग्लंडांत रेडिंग येथें मुलीच्या घरीं तीन महिने होतों, आणि त्या मुक्कामांतील बराच काळ एका बंदुकीच्या चिकित्सेंत गेला. चिकित्सा हा शब्द मी मुद्दाम योजतों. तिची लक्षणें घरांत सर्वांस दिसत होतीं. निदान मात्र कोणासच होत नव्हतें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही बंदूक खरी नव्हे. एअरसॉफ्ट नांवाचा एक खेळ आहे. त्यांतली बंदूक दिसावयास हुबेहूब खऱ्यासारखी, पण तींतून सहा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबानें सुटते. या खेळाचा जन्म जपानांतला. तेथें १९५८ च्या कायद्यानें सामान्य नागरिकास बंदूक बाळगणें जवळजवळ अशक्य झालें. तेव्हां हौशी लोकांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही खेळण्यांतली बंदूक काढली आणि ती पुढें जगभर पसरली. रानांत दोन पक्ष पाडून खेळतात. गोळी लागली कीं खेळाडूनें स्वतःच हात वर करून बाहेर व्हावयाचें. गोळी अंगावर रंग सोडीत नाहीं, आणि झाडाआड कोणास लागली हें पंचास दिसत नाहीं. म्हणून सारा खेळ ज्याच्या त्याच्या सचोटीवर चालतो. हें ऐकून त्या खेळाविषयीं माझें मत किंचित् बरें झालें, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

आमच्या नातवाची बंदूक ‘स्नायपर’ या जातीची होती. या शब्दाची व्युत्पत्ति मोठी मनोरंजक आहे. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. दलदलींत लपून बसणारा आणि उडाला कीं वेडावांकडा पळणारा हा पक्षी टिपणें फार कठीण. अठराव्या शतकांत हिंदुस्थानांतले इंग्रज अधिकारी त्याच्या शिकारीस जात, आणि त्यांच्याच बोलण्यांतून ‘स्नाइप करणें’ हें क्रियापद इंग्रजींत रूढ झालें. म्हणजे ज्या शब्दाचा आमच्या नातवास एवढा अभिमान, तो आपल्याच पाणथळींत जन्मला. मीं हें त्यास सांगितलें तेव्हां त्यानें पाणलाव्याचें चित्र शोधून पाहिलें आणि “अगदींच लहान आहे कीं, आजोबा,” असा अभिप्राय दिला.

टोकियो मारुई या जपानी कंपनीनें व्हीएसआर-१० नांवाचा एक नमुना काढला. त्यावरून अनेक कारखाने प्रतिकृति बनवितात, व त्यांपैकीं एक आमच्या जांवयांनीं मुलाच्या सोळाव्या वाढदिवशीं आणिली होती. इंग्लंडांत २००६ च्या कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलास अशी बंदूक विकत घेतां येत नाहीं. बापानेंच घेऊन द्यावी लागते. हा मुद्दा पुढें महत्त्वाचा ठरला.

आतां तिची रचना सांगतों. एक पोकळ नळकांडें, त्यांत पिस्टन, पिस्टनामागें स्प्रिंग. बोल्ट मागें ओढला कीं नळकांडें व पिस्टन दोन्ही मागें येतात, स्प्रिंग दबते, आणि पिस्टनाचा कांठ खालच्या एका पोलादी खटक्यांत अडकतो. बोल्ट पुढें ढकलला कीं नळकांडें पुढें जातें, पिस्टन मागेंच राहतो, मधली जागा हवेनें भरते, आणि नळकांड्याची चोंच एक गोळी नळींत लोटते. चाप ओढला कीं खटका खालीं सरकतो, पिस्टन धांवतो, हवा दाबली जाऊन गोळीस हांकलते. नळीच्या तोंडाशीं एक रबर बसविलेलें असतें. त्याचा उंचवटा वरून गोळीस किंचित् घांसतो. त्यामुळें गोळी उलटी फिरत जाते आणि त्या फिरण्याच्या बळावर हवेंत तरंगत लांब जाते. यास हॉप म्हणतात. सारी करामत या वाटाण्याएवढ्या रबरांत आहे, स्प्रिंगेंत नाहीं. पण सोळा वर्षांच्या मुलास हें पटविणें कठीण.

नातवानें काय केलें, तर खाऊचे पैसे सांठवून जोरदार स्प्रिंग, नवा पिस्टन आणि अधिक अरुंद छिद्राची नळी मागविली. मूळ नळीचें छिद्र ६.०८ मिलिमीटर, नवीचें ६.०३. स्प्रिंग ‘एम १५०’ या खुणेची. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारें दीडशें मीटर वेगानें जावी, असा त्या आंकड्याचा अर्थ. तिन्ही जिन्नस त्यानें एकाच रात्रीं बसविले, आणि वडिलांस विचारलें नाहीं.

मी तेथें पोहोंचलों तेव्हां बंदूक बिघडून तीन आठवडे झाले होते. गोळी कधीं दूर जाई, कधीं वीस पावलांवर पडे. लांब गेली तर डावीकडे वळे. आणि तिसरी तक्रार त्यानें मला सर्वांत शेवटीं, तीहि दबक्या आवाजांत सांगितली: कधीं कधीं चापास बोटही न लावतां, नुसता बोल्ट पुढें ढकलतांना ती आपोआप सुटे.

पहिल्या दोन गोष्टी खेळाच्या, तिसरी जिवाची. ज्या गॅरेजांत तो ही बंदूक भरून पाही, त्याच गॅरेजांत त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीची सायकल होती. ती मुलगी दार न वाजवितां धांवत आंत येई. सहा मिलिमीटरची गोळी कातडीवर लाल वण उठवील फार तर. परंतु डोळ्यास ती लागली तर डोळा जाईल. खेळतांना सर्वांस जाड चष्मे सक्तीचे असतात तें याच कारणानें; सायकल घ्यावयास आलेल्या मुलीस चष्मा नसतो.

“आज या घडीपासून हींत गोळी घालावयाची नाहीं,” मीं म्हटलें. “खटक्याचा निकाल लागला कीं मग बाकीचें.”

“पण आजोबा, आधीं वेग कां कमी येतो तें पाहूं या ना. तें सोपें आहे.”

“सोपें आहे म्हणून आधीं करावयाचें, असा नियम कोणत्या शाळेंत शिकवितात?”

तो हंसला, पण गोळ्यांची पिशवी त्यानें माझ्या हातीं दिली.

मला यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं असें जांवयांचें मत होतें, व तें बव्हंशीं बरोबर आहे. परंतु कारण शोधण्याचें शास्त्र यंत्रापुरतें नसतें. आमच्या न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक म्हणून एक जोडी आहे. एक वस्तु असतां दुसरी असते, हा अन्वय. ती नसतां दुसरीहि नसते, हा व्यतिरेक. दोन्ही कसोट्या उतरल्यावांचून अमुक हेंच अमक्याचें कारण, असें म्हणूं नये. नातवानें तीन बदल एकदम केल्यामुळें त्यास एकहि कसोटी लावतां येत नव्हती. तो आणखी नवे भाग मागविण्याच्या विचारांत होता. म्हणजे तीन अज्ञातांच्या समीकरणांत चौथें अज्ञात! मीं त्यास वही आणावयास लावलें आणि जुने काढलेले भाग कोठें आहेत तें विचारलें. ते त्यानें बुटांच्या खोक्यांत जपून ठेविले होते. मुलगा हुशार, एवढें तेथेंच दिसलें.

स्प्रिंग जुनी कीं नवी, पिस्टन जुना कीं नवा, असे चार मेळ होतात. प्रत्येक मेळ बसवावयाचा, नळीचें तोंड वाळूच्या पिशवीकडे ठेवून बोल्ट वीस वेळां ओढून ढकलावयाचा, व किती वेळां खटका निसटला तें लिहावयाचें. दार आंतून बंद. सबंध शनिवार यांत गेला. जुनी स्प्रिंग, जुना पिस्टन: एकदाहि नाहीं. नवी स्प्रिंग, जुना पिस्टन: एकदाहि नाहीं, मात्र चाप फार जड. जुनी स्प्रिंग, नवा पिस्टन: पांच वेळां. नवी स्प्रिंग, नवा पिस्टन: सात वेळां. नातू तोंवर सारा दोष जोरदार स्प्रिंगेवर ठेवीत होता. वहींतले चार आंकडे समोर आल्यावर त्यानें कांहीं न बोलतां दोन्ही पिस्टन भिंगाखालीं शेजारीं शेजारीं धरले.

जुन्या पिस्टनाचा अडकावयाचा कांठ तिरपा होता, पंचेचाळीस अंशांचा. नव्याचा सरळ काटकोनांत. खटका मात्र जुनाच, तिरप्या कांठाचा. तिरप्यावर काटकोन नीट टेकत नाहीं. नुसत्या कडेवर तोलून राहतो आणि हिसका बसला कीं घसरतो. विशेष्य बदललें आणि विशेषण जुन्याच लिंगांत राहिलें, असा हा प्रकार. पस्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांत हीच चूक तांबड्या शाईनें दुरुस्त केली.

असें कां होतें याचें मूळहि समजून घेण्यासारखें आहे. जपानांत २००६ पासून या बंदुकींच्या शक्तीस एक ज्यूलहूनहि किंचित् कमी अशी मर्यादा आहे. मूळ नमुना असल्या हलक्या स्प्रिंगेसाठीं रचलेला. तिला तिरपा खटका पुरतो. स्प्रिंग दुपटीनें जोरदार झाली कीं तिरप्या कांठावर घर्षण वाढतें, चाप जड होतो आणि कांठ झिजतो. म्हणून जे शक्ति वाढवितात ते खटका व पिस्टन दोन्ही काटकोनी घेतात. नातवानें अर्धीच जोडी घेतली होती, कारण पैसे तेवढेच होते.

आतां काटकोनी खटक्याचा संच आणावयास हवा होता. नातवाची अपेक्षा अशी कीं आजोबा गुपचुप पैसे देतील. आजोबा देऊं शकले असते. पण बंदूक वडिलांच्या नांवावर घेतलेली, ती आणतांना तिच्या वापराची हमी त्यांनीं स्वतःच्या मनाशीं घेतलेली. आणि तिचें अंतरंग पालटून गेल्याचें त्यांस ठाऊक नाहीं, हें मला बरें वाटेना. “तुझ्या बाबांस सांगितल्यावांचून मी या कामास पुढें हात लावणार नाहीं,” एवढेंच मीं सांगितलें. तो दोन दिवस माझ्याशीं मोजकें बोलला. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवतांना त्यानें आपण होऊन विषय काढला.

“बाबा, मीं बंदुकीची स्प्रिंग आणि पिस्टन बदलला. तुम्हांला विचारलें नाहीं. आणि ती कधीं कधीं आपोआप सुटते.”

जांवयांनीं पोळीचा तुकडा ताटांत ठेवला. “केव्हांपासून?”

“महिना झाला.”

“धाकटी त्या गॅरेजांत दिवसांतून किती वेळां जाते, माहीत आहे?”

तो बोलला नाहीं. आमच्या कन्येनें माझ्याकडे पाहिलें; अण्णा, तुम्हांला हें ठाऊक होतें वाटतें, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. जेवण तसेंच उरकलें. रात्रीं उशिरां जांवई माझ्या खोलींत आले आणि म्हणाले, “अण्णा, ती वही बघूं.” त्यांनीं ती दोनदां वाचली. ते संगणकाच्या धंद्यांतले. चार मेळांचा तक्ता पाहून त्यांच्या कपाळावरची आंठी थोडी सैल झाली. त्यांनीं अट घातली: खटका ते स्वतः आणतील, पण तो बसल्यावर त्यांच्यासमोर दोनशें वेळां बोल्ट ओढून दाखवावयाचा, एकदा जरी निसटला तरी बंदूक घरांतून जाईल. आणि तोंवर ती त्यांच्या कपाटांत, कुलुपांत.

संच आला, बसला. दोनशें वेळां बोल्ट ओढतांना नातवाच्या तळव्यास फोड आला. खटका एकदाहि निसटला नाहीं. गॅरेजाच्या दारास आंतून कडी नव्हती, ती जांवयांनीं त्याच दिवशीं बसविली.

मग वेगाचा प्रश्न. नातवाच्या मित्राकडून वेग मोजण्याचें यंत्र आणिलें. त्यांत प्रकाशाचे दोन पडदे असतात. गोळी पहिल्यांतून दुसऱ्यांत किती वेळांत गेली त्यावरून वेग निघतो. ०.२० ग्रॅमच्या दहा गोळ्या सोडल्या. सर्वांत वेगवान १३९ मीटर, सर्वांत मंद १०८. स्प्रिंग प्रत्येक वेळीं सारखीच दबते. मग एवढी तफावत कां? हवा कोठेंतरी गळत असली पाहिजे, आणि तीहि कधीं अधिक, कधीं उणी.

हवेच्या वाटेवर सांधे दोनच: पिस्टन व नळकांडें यांमधला, आणि नळकांड्याची चोंच व हॉपचें रबर यांमधला. पहिल्याची परीक्षा सोपी. नळकांडें बंदुकींतून काढावें, स्प्रिंग वगळावी, पिस्टन हातानें मागें घ्यावा, चोंचीवर बोट घट्ट दाबावें, आणि पिस्टन पुढें ढकलावा. सांधा बिनचूक असेल तर पिस्टन हवेच्या उशीवर थांबतो, पुढें जातच नाहीं. आमचा थांबला. म्हणजे हा सांधा निर्दोष, दोष पुढच्यांत. तेथें जुनें रबर नव्या नळीवर चढविलेलें होतें. बोटानें फिरविलें तर तें सहज फिरे. मूळ नळीवर तें हलत नसे. नव्या नळीचा तो भाग केसभर बारीक असावा. नवें रबर आणून त्याखालीं, नळजोडणी करणारे वापरतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले. पुन्हां दहा गोळ्या: १४६ ते १४९ च्या आंत सर्व. नातू टाळ्या पिटूं लागला.

येथें एका गोष्टीची सूचना करून ठेवतों. नळी पुसतांना पुष्कळ लोक यंत्राचें तेल वापरतात. खनिज तेलानें रबर बिघडतें, आणि रबरावर कोणत्याहि तेलाचा ओशटपणा राहिला तर गोळीस नीट फिरकी मिळत नाहीं. सिलिकोनचा थेंब कापडावर घेऊन नळी पुसावी व शेवटीं कोरडें कापड फिरवावें. आमच्या घरच्या निरांजनाच्या तुपाचाहि उपयोग सुचविण्यांत आला होता. सुचविणारी नांवानिशीं सांगत नाहीं.

वेग जुळला, आणि आतां सारें झालें असें सर्वांस वाटलें. मला एक शंका होती. इंग्लंडांत २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम ॲक्टनें या बंदुकांची शक्ति ठरवून दिली आहे: एका दाबांत अनेक गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीस १.३ ज्यूल, एकेक गोळीच्या बंदुकीस २.५ ज्यूल. त्यापलीकडे गेली कीं कायद्याच्या दृष्टीनें ती खेळाची वस्तु राहत नाहीं, खरें शस्त्र ठरते. गोळीच्या वस्तुमानाचें अर्ध घेऊन त्यास वेगाच्या वर्गानें गुणिलें कीं ज्यूल निघतात. ०.२० ग्रॅम व १४८ मीटर: सुमारें २.१९ ज्यूल. मर्यादेच्या आंत. “पण खेळतांना तूं हीच गोळी वापरतोस काय?” मीं विचारलें.

“नाहीं. ०.४० ग्रॅमची. जड गोळी वाऱ्यानें कमी हलते.”

“मग तीच घालून मोज.”

“कशाला? शक्ति स्प्रिंगेची. गोळी दुप्पट जड, वेग तेवढा कमी. उत्तर तेंच येणार.”

पुस्तकी दृष्टीनें त्याचें म्हणणें ऐकण्यासारखें होतें. शक्ति तीच राहिली तर दुप्पट जड गोळीचा वेग १०५ च्या आंत यावयास हवा. जांवयांनीं स्वतः यंत्रापाशीं बसून आंकडे लिहिले. पांच गोळ्यांची सरासरी आली ११४. सर्वांनीं पुन्हां मोजलें, पुन्हां तेंच. शक्ति २.६० ज्यूल.

याचें कारण असें. हलकी गोळी नळींतून इतकी लवकर निसटते कीं मागच्या दाबलेल्या हवेचें काम पुरें होण्यापूर्वींच ती बाहेर पडते. उरलेली हवा तिच्यामागून वायां जाते. जड गोळी नळींत अधिक वेळ रेंगाळते आणि त्याच हवेकडून अधिक जोर घेते. खेळाडूंत हा प्रकार ‘ज्यूल क्रीप’ या नांवानें ओळखला जातो. म्हणून ज्या गोळीनें खेळावयाचें तिनेंच मोजावें, असा जाणत्यांचा दंडक आहे. कित्येक लोक हलक्या गोळीनें मोजून, मनांतून ठाऊक असतांहि, जड गोळीनें खेळतात. तपासणारास तें सहसा कळत नाहीं.

गॅरेजांत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. बंदूक आतां उत्तम चालत होती. एवढ्या खटाटोपानंतर प्रथमच. ०.२० च्या गोळीवर ती कोणत्याहि तपासणींत उतरली असती. जांवई मुलाकडे पाहत होते, मी वहीकडे पाहण्याचें ढोंग करीत होतों. नातवानें यंत्र बंद केलें आणि म्हणाला, “ही स्प्रिंग चालणार नाहीं. एक पायरी खालची लागेल.” जांवई म्हणाले, “उद्यां मागवूं.” त्यांनीं त्यास अधिक कांहीं म्हटलें नाहीं, आणि तें मला फार आवडलें.

‘एम १४०’ ची स्प्रिंग घातल्यावर ०.४० च्या गोळीस १०६ मीटर वेग आला, म्हणजे सुमारें २.२५ ज्यूल. खेळाच्या जागीं स्नायपर बंदुकीस ०.२० च्या गोळीवर सेकंदास ५०० फूट अशी मर्यादा होती; त्याचे ज्यूल २.३२ होतात. दोन्ही नियम पाळले गेले.

राहतां राहिलें डावीकडे वळणें. चाळीस-पन्नास मीटर मोकळी जागा घरीं कोठली? म्हणून पुढच्या रविवारीं खेळाच्या जागींच नेमबाजीच्या पट्ट्यावर पाहावयाचें ठरलें, आणि मींहि बरोबर गेलों. बंदूक बंद पेटींत घालून न्यावी लागते. उघडी रस्त्यानें नेणें हा तेथें गुन्हा आहे. गोळी खरोखरच चाळीस मीटरांवर हातभर डावीकडे जात होती, आणि प्रत्येक वेळीं तितकीच. नातू दुर्बीण फिरवून निशाण उजवीकडे घेऊं लागला. मीं त्यास हॉप अजिबात बंद करून गोळी सोडावयास सांगितली. ती लवकर पडली, पण सरळ गेली. म्हणजे नळी सरळ, दुर्बीण सरळ, वांकडेपणा फिरकींत.

या विषयाचा पहिला मोठा अभ्यासक बेंजामिन रॉबिन्स. रेडिंगहून पश्चिमेस बाथ म्हणून शहर आहे, तेथें १७०७ सालीं तो जन्मला. बंदुकीची गोळी वाटेंत वळते ती तिच्या फिरण्यामुळें, हें त्यानें ओळखलें. तें दाखविण्यास त्यानें एका बंदुकीची नळीच पुढें डावीकडे वांकविली. गोळी निघतांना डावीकडे गेली, पण नळींत एका अंगानें घांसून फिरत निघाल्यामुळें पुढें उजवीकडे वळली. त्याचा तोफखान्याच्या तत्त्वांवरील ग्रंथ १७४२ चा. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यानें याच परिणामाविषयीं १८५२ सालीं प्रयोग केले आणि परिणामास त्याचेंच नांव पडलें. रॉबिन्स मागें राहिला. हा रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत किल्ल्यांचा इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळ सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत वारला. पट्ट्यावर उभ्या उभ्या मीं हें नातवास सांगत होतों आणि तो गुडघ्यांवर पसरलेल्या टॉवेलावर बंदूक खोलीत होता. ऐकत होता कीं नाहीं, देव जाणे.

रबर उघडें झालें तेव्हां दिसलें कीं, टेपचे वेढे देतांना त्याचा उंचवटा किंचित् फिरला होता. गोळीस तो ठीक वरून न घांसतां बाजूनें घांसे, मग ती सरळ उलटी न फिरतां तिरपी फिरे. गळती थांबविण्याच्या उपायानेंच हा नवा विकार आणिला, किंवा आधींच्यांत भर घातली. नातवानें टेप पुन्हां घट्ट व सारखा गुंडाळला, रबराच्या आंतली रेघ नळीच्या खोबणीशीं नीट जुळवून बसविली. पहिल्या तीन गोळ्या पन्नास मीटरांवरच्या पत्र्यास लागून टणटणल्या. चौथी चुकली, तेव्हां वाऱ्याची झुळूक होती असें त्याचें म्हणणें.

तपासणीच्या टेबलावरील माणसानें त्याला ०.२० ची गोळी देऊं केली. नातवानें आपली ०.४० ची पुढें करून “मी हिनें खेळतों, हिनें मोजा,” असें सांगितलें. त्या माणसानें एकदा मुलाकडे व एकदा धोतर-कोट घातलेल्या माझ्याकडे पाहिलें, आंकडा लिहून घेतला आणि बंदुकीस रंगीत पट्टी बांधली. तीस मीटरांच्या आंत कोणावर ही बंदूक चालवावयाची नाहीं, अशी ताकीद दिली. मग मुलें रानांत शिरलीं आणि जांवई व मी गाडींत बसून थर्मासमधला चहा घेतला.

संध्याकाळीं तो चिखलानें माखून आला. प्रथम त्यानें नळी पुसली, स्प्रिंग सैल सोडली, मगच बूट काढले. “किती जणांस टिपलेंस?” वडिलांनीं विचारलें.

“दोघांना.”

“आणि तुला किती लागल्या?”

“नऊ,” तो म्हणाला, “त्यांतल्या दोन कोणीं पाहिल्या नव्हत्या,” आणि जेवावयास काय आहे म्हणून आईस विचारावयास आंत गेला.